दगा न देणारं हत्यार

१९५९च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात एक भेद केलेला आहे. शेतकऱ्याला पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक हवी असेल, किंवा कुणाला संरक्षणासाठी वा नेमबाजीसाठी किमान वीस इंच नळीची साधी बंदूक हवी असेल, तर इतर काही अडचण नसताना अधिकाऱ्यानं परवाना द्यायचा आहे. बाकी सगळ्या बाबतींत, म्हणजे खिशात मावणाऱ्या पिस्तुलाच्या आणि रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत, अर्जदारापाशी 'चांगलं कारण' असल्याची अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. चांगलं कारण म्हणजे काय, हे कायदा तिथं सांगत नाही.

वरवर पाहता हा भेद उलटा वाटतो. लांब नळीच्या बंदुकीचा बार अंगावर आला तर माणूस छोट्या रिव्हॉल्व्हरच्या गोळीपेक्षा कमी जखमी होतो असं नाही. जवळून तर जास्तच होतो. मग जास्त नुकसान करणाऱ्या हत्यारावर कायद्याचा विश्वास जास्त का?

आमच्या कुही तालुक्यात याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. तालुक्याचा काही भाग उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याला लागून आहे. तूर, हरभरा, मिरची, सगळ्यावर रानडुकरं आणि रोही येतात. माचाणावर रात्र काढणाऱ्या माणसाच्या हातात ठासणीची बंदूक असली, तर ती अख्ख्या शिवाराला माहीत असते. ती खांद्यावर असते, भरायला वेळ लागतो, बार काढला की आवाज चार गावांत जातो. ती घेऊन कुणी लग्नाच्या पंगतीत बसत नाही. पिस्तूल मात्र पंगतीत बसू शकतं. बसमध्ये, बँकेत, ग्रामसभेत, सोयऱ्याच्या बैठकीत ते आपल्याबरोबर येऊ शकतं आणि शेजारी बसलेल्याला त्याचा पत्ता लागत नाही. कायदा हत्याराची ताकद मोजत नाही. ते कुठं कुठं जाऊ शकतं, हे मोजतो. या लेखातला माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ज्याला परवाना मिळू शकतो, त्यानं रोज कमरेला पिस्तूल लावावं का?

*

हा प्रश्न माझ्यापुढे तात्त्विक म्हणून आला नाही. मी तालुक्याच्या ठिकाणी वकिली करतो, आणि परवान्याचे अर्ज लिहून घ्यायला लोक येतात. एक ओळखीचे मिरचीचे व्यापारी आले. हंगामात त्यांच्याजवळ रोकड असते, संध्याकाळनंतर एकट्यानं गाडी चालवत यावं लागतं. त्यांनी मला अर्जाबद्दल विचारलंच नाही. ते म्हणाले, ''वकीलसाहेब, रिव्हॉल्व्हर घेऊ का पिस्तूल? जुन्या घडनीचं असलं तरी चालते, पन टायमावर दगा देनारं नाई पायजे.''

या प्रश्नाला एक तांत्रिक उत्तर आहे, आणि ते आधी देऊन टाकलं पाहिजे. नाहीतर नीतीची चर्चा म्हणजे माहिती नसल्याची पळवाट ठरते.

भारतात सामान्य नागरिकाला ९ मिलिमीटरचं पिस्तूल मिळत नाही; लष्कर-पोलिसांची ती काडतुसं 'प्रतिबंधित बोअर'मध्ये मोडतात. त्यामुळे परवान्यावर जे मिळतं ते बहुतेक .३२चं असतं. म्हणून आपल्याकडे 'जुन्या घडणीचं' हत्यार घेणं ही आवडीची बाब नसून कायद्यानंच लावलेलं वळण आहे. .३२च्या रिव्हॉल्व्हरचं काडतूस १८९६ सालचं, .३२च्या पिस्तुलाचं १८९९ सालचं. दोन्ही .३२च, पण एकाचं काडतूस दुसऱ्यात चालत नाही, हे दुकानात गेल्यावर अनेकांना कळतं. कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं रिव्हॉल्व्हर जुन्या वेब्ली घराण्याचं: नळी पुढं वाकवायची, चकरीत सहा काडतुसं भरायची, मिटवायचं. पिस्तुलात काडतुसं मुठीतल्या मॅगझिनमध्ये बसतात आणि प्रत्येक बारानंतर पुढचं आपोआप वर येतं.

दगा कोण कमी देतं? काडतूस फुसकं निघालं तर रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा ओढायचा. चकरी फिरते आणि पुढचं काडतूस घोड्याखाली येतं. पिस्तुलात तेच झालं तर दुसऱ्या हातानं सरकता भाग मागे ओढून फुसकं काडतूस बाहेर काढावं लागतं. घाबरलेल्या, सराव नसलेल्या माणसाच्या हातात म्हणून रिव्हॉल्व्हर बरं. काडतुसं दमट कपाटात वर्षानुवर्षं ठेवू नयेत, तेल जास्त घालू नये, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सराव करावा. इथं मात्र उत्तर अडतं. परवान्यावर काडतुसांची मर्यादा असते, वापरलेल्यांचा हिशेब द्यावा लागतो, आणि तालुक्याच्या गावात सरावासाठी नेमबाजीचं मैदान नसतं. २०१६च्या नियमांनी सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण आणि शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचा दाखला आणला, हे चांगलंच झालं. पण एकदा घेतलेलं प्रशिक्षण म्हणजे सराव नव्हे.

थोडक्यात, शंभर-सव्वाशे वर्षं तपासून पाहिलेली ही यंत्रं आहेत. ती क्वचित दगा देतात. दगा देण्याची शक्यता जिथं खरोखर आहे ती जागा म्हणजे चाप ओढणारं बोट आणि त्या बोटाला हुकूम देणारं डोकं. 'भरवशाचं पिस्तूल' शोधणारा माणूस बहुतेक वेळा ज्या गोष्टीचा भरवसा आधीच आहे तिचीच चौकशी करत असतो.

*

भरवशाच्या हत्याराचा आणि भल्याबुऱ्याचा काही संबंध नसतो, हे मराठी माणसाला इतिहासानं दोनदा तरी दाखवलं आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकला अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर ज्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या ते ब्राउनिंग होतं, लंडनहून गुप्तपणे आलेल्या पिस्तुलांपैकी. आणि ३० जानेवारी १९४८ला दिल्लीत वापरलेलं पिस्तूल इटालियन लष्करासाठी बनलेलं बेरेटा होतं. त्याआधी दहा दिवस, २० जानेवारीला, कटवाल्यांचा बेत फसला होता; त्यांच्याजवळची हत्यारं बिनभरवशाची होती. त्यानंतर नथुराम गोडसे ग्वाल्हेरला गेला तो याच शोधात: वेळेवर दगा न देणारं पिस्तूल. ते त्याला मिळालं. त्यानं दगा दिला नाही.

कान्हेरेंकडे आपण हुतात्मा म्हणून पाहतो आणि गोडसेकडे खुनी म्हणून. हा निवाडा करताना पिस्तूल चांगलं होतं की वाईट हे आपण विचारत नाही. ते बरोबरच आहे. पण मग स्वतःसाठी हत्यार निवडताना 'ते भरवशाचं आहे का' या प्रश्नाला आपण इतकं महत्त्व देतो ते कशाच्या बळावर? भरवसा हा यंत्राचा गुण आहे, आणि ज्याच्या हाती यंत्र आहे त्याची तो सारख्याच निष्ठेनं सेवा करतो. चांगल्या हेतूनं विकत घेतलेलं पिस्तूल चोरीला गेलं, की त्याच क्षणापासून ते चोराचं भरवशाचं पिस्तूल असतं.

*

स्वसंरक्षणाचा हक्क मला मान्य आहे. तो कायद्यालाही मान्य आहे. पूर्वीच्या दंडसंहितेत होता, आताच्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४मध्ये आहे. जीव वाचवण्यासाठी, बलात्कार वा अ‍ॅसिडहल्ला रोखण्यासाठी हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत तो जातो. पण त्याला दोन कुंपणं आहेत. पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर हा हक्क नाही. आणि संरक्षणाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करण्याचा हक्क कधीच नाही.

हे दुसरं कुंपण पिस्तूलवाल्याला फार कठीण जातं. लाठीला मोजमाप आहे. ती नुसती उचलता येते, जमिनीवर आपटता येते, पायावर मारता येते, डोक्यात घालता येते. माणूस रागाच्या भरातही या पायऱ्यांवर कुठंतरी थांबू शकतो, आणि समोरच्याला पळायला वेळ मिळतो. पिस्तुलाला अशा पायऱ्या नाहीत. काढलं नाही तर ते निरुपयोगी. काढलं आणि चालवलं नाही तर हिसकावलं जाण्याची भीती. चालवलं की पुढचं आपल्या हातात राहत नाही. पायावर नेम धरून झाडलेली गोळी पायालाच लागते, हे सिनेमात. 'लागेल तेवढीच इजा' हा नियम पाळायला जे साधन सगळ्यात कमी योग्य, ते आपण संरक्षणाचं उत्तम साधन समजतो.

पिस्तूल मागायला येणाऱ्याच्या मनात एक चित्र असतं: सुनसान रस्ता, अनोळखी लुटारू, एकटे आपण. असं घडतं, नाही असं नाही. पण माझ्याकडे आलेली मारामारीची आणि खुनाची प्रकरणं आठवतो तेव्हा अनोळखी माणूस क्वचितच दिसतो. दिसतात ते भाऊ, चुलतभाऊ, साळे, शेजारी. धुऱ्यावरून झालेली भांडणं दिसतात. एक तास नांगर इकडे सरकला म्हणून तीन पिढ्यांचं वैर. अशा भांडणात दोन्ही बाजूंना मनापासून वाटत असतं की आपण फक्त स्वतःचा बचाव करत आहोत. पाहिलेली एक गोष्ट सांगतो: त्या प्रकरणांतले बहुतेक लोक आज जिवंत आहेत ते भांडणाच्या वेळी हाताशी काठी, दगड आणि विळा होता म्हणून. टाके पडले, वर्षभर बोलणं बंद राहिलं, मग कुणाच्या तरी लग्नात पुन्हा एका पंगतीत बसले. हातात सहा काडतुसं असती तर पंगतीत बसायला एक जण कमी असता.

म्हणून पिस्तूल वापरायचं की नाही हा निर्णय संकटाच्या क्षणी होतो असं मला वाटत नाही. सकाळी आंघोळ करून ते कमरेला लावलं तेव्हाच तो बराचसा झालेला असतो. त्या दिवशी ज्या ज्या माणसाशी आपलं वाजेल, त्याच्याशी वाजण्याचं शेवटचं टोक आपण सकाळीच ठरवून ठेवलेलं असतं.

*

आणि हे त्या माणसाला माहीत नसतं. रोज पिस्तूल बाळगण्यातला मला सगळ्यात जास्त टोचणारा भाग हाच.

चहाच्या टपरीवर चार जण बसून वाद घालतात. तिघांना वाटतं की आपण सारखे आहोत. वाद फार तर आरडाओरड्यापर्यंत जाईल. चौथ्याला माहीत आहे की तसं नाही. त्यानं कुणाला धमकी दिली नाही, कायदा मोडला नाही. पण बोलण्याच्या खेळाचे नियम त्यानं एकट्यानं बदलले आहेत आणि बाकीच्यांना सांगितलेले नाहीत. गणवेशातल्या पोलिसाच्या कमरेचं हत्यार सगळ्यांना दिसतं, म्हणून त्याच्याशी बोलताना आपण ते धरून बोलतो. लपवलेलं हत्यार ही सोय देत नाही.

यावर उत्तर ठरलेलं आहे: लपवणं हाच तर उपयोग. लुटारूला आधी दिसलं तर तो मागून येईल. बरोबर आहे. शिवाय हत्यार मिरवायला आणि उगारायला नियमांतच बंदी आहे. लग्नात हवेत बार काढणं २०१९च्या दुरुस्तीनंतर कैदेस पात्र आहे. तेव्हा हत्यार दाखवा, असं माझं म्हणणं नाही. इथं कांटचा एक विचार उपयोगी पडतो. १७९५च्या शाश्वत शांततेवरच्या निबंधात त्यानं अशा अर्थाची कसोटी दिली आहे की, इतरांच्या हक्कांशी संबंध असलेलं जे कृत्य करण्यामागचं सूत्र उघड केल्याबरोबर मोडून पडतं, ते कृत्य अन्यायाचं समजावं. हत्यार झाकलेलं असू दे. ते बाळगण्याचं कारण चारचौघांत सांगता येईल का?

दोन कारणं घेऊन पाहू. पहिलं: 'अमुक माणसानं मला जिवे मारण्याची धमकी दिली आहे, मी तक्रार केली आहे, तो मोकळा आहे, म्हणून मी हत्यार बाळगतो.' हे भर बाजारात सांगितलं तरी मोडत नाही. ऐकणारा म्हणेल, तुझ्या जागी मीही तेच केलं असतं. आणि धमकी नसलेल्या कुणालाही त्यातून हत्यार घेण्याचं कारण मिळत नाही. दुसरं: 'जमाना खराब आहे, कुणाचा भरवसा नाही, म्हणून मी हत्यार बाळगतो.' हे भर बाजारात सांगा. ऐकणाऱ्या प्रत्येकाला तेच कारण लागू आहे, आणि आता एक जास्तीचं कारणही आहे: तुम्ही हत्यार बाळगता. सगळ्यांनी ते कारण मान्य केलं की सगळ्यांच्या कमरेला हत्यार येतं आणि जमाना आणखी खराब होतो. जे कारण सांगितल्यानं स्वतःलाच खरं करत जातं, त्याला कायद्याच्या भाषेतलं 'चांगलं कारण' म्हणता येणार नाही.

*

आता माझ्या म्हणण्याविरुद्धचा सगळ्यात जोरकस युक्तिवाद. तो असा: हे सगळं पोलीस ठाण्याच्या जवळ राहणाऱ्यानं, ज्याचा फोन उचलला जातो अशानं, बोलायचं. ज्याची तक्रारच घेतली जात नाही त्यानं काय करावं?

हा युक्तिवाद आमच्या भागात हवेतला नाही. कुहीला लागून भंडारा जिल्हा आहे, आणि त्याच्या मोहाडी तालुक्यात खैरलांजी आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी तिथं भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना जमावानं मारलं. आणि इथून चाळीसेक किलोमीटरवर नागपूर आहे, जिथं १३ ऑगस्ट २००४ रोजी जिल्हा न्यायालयाच्या आवारातच कस्तुरबानगरच्या बायकांच्या जमावानं अक्कू यादवला ठार केलं. वर्षानुवर्षं बलात्कार आणि खंडणीनं वस्ती नासवणारा गुंड, आणि तक्रारींची दाद न लागल्याचा अनुभव. त्या बायकांच्या हातात घरचे चाकू आणि तिखट होतं.

कायद्यालाही हा युक्तिवाद ठाऊक आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचे १९९५चे नियम पाहा. अत्याचारप्रवण भागात राज्यानं काय करावं याच्या यादीत दोन गोष्टी येतात: दलित-आदिवासी नसलेल्यांचे शस्त्रपरवाने रद्द करून शस्त्रं सरकारजमा करणं, आणि गरज वाटल्यास दलित-आदिवासींना शस्त्रपरवाने देणं. म्हणजे सरकारनंच लिहून ठेवलं आहे की अशी वेळ येऊ शकते, जेव्हा आमच्यावर विसंबून राहा असं आम्ही या माणसाला प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. मी या नियमाच्या बाजूनं आहे. ज्याला राज्यानं उघड्यावर टाकलं त्याला अहिंसेचा उपदेश करणं ही हिंसेत भागीदारी आहे. गांधीजींनीही १९२०मध्ये लिहिलं होतं की भ्याडपणा आणि हिंसा एवढेच दोन पर्याय असतील तर मी हिंसा निवडायला सांगेन.

तरीही या दोन घटना पिस्तुलाच्या बाजूनं साक्ष देतात का, हे नीट पाहिलं पाहिजे. खैरलांजीत एका घरासमोर गावाचा जमाव होता. सहा काडतुसं जमावाला कदाचित क्षणभर थांबवतात, कदाचित आणखी भडकवतात. आणि दुसऱ्या दिवशीच्या तक्रारीत गोळी झाडणारं कुटुंबच आरोपी ठरण्याची शक्यता किती असते, हे गावात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. कस्तुरबानगरच्या बायकांना हत्यार कमी पडलं नव्हतं; तिखट पुरलं. त्यांना कमी पडला होता तो तक्रार लिहून घेणारा हात. तो वेळेवर मिळाला असता तर त्यांच्यावर खून करण्याची आणि मग खटल्याला तोंड देण्याची पाळी आली नसती.

आणखी एक गोष्ट आहे. जानेवारी २०१४मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्यानं बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं .३२चं हलकं रिव्हॉल्व्हर आणलं. वजन ५०० ग्रॅम, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. २०१२च्या दिल्लीतल्या घटनेची आठवण त्या नावात होती. सव्वा लाखाचं हत्यार मिरचीचे देठ खुडणारी बाई घेऊ शकत नाही; जी घेऊ शकते तिच्या दारात बहुधा चौकीदार असतो. संरक्षणासाठी शस्त्र हा उपाय बाजारावर सोडला की तो गरजेच्या उलट्या क्रमानं वाटला जातो. 'दुबळ्यांना शस्त्राचा हक्क हवा' या वाक्यानं सुरू झालेला युक्तिवाद दुकानात पोचेपर्यंत सबळांच्या कमरेला लागलेला असतो.

*

हा वाद संविधान सभेतही झाला होता. पार्श्वभूमी समजण्यासारखी आहे. १८७८च्या शस्त्र कायद्यानं इंग्रजांनी हिंदी माणसाला नि:शस्त्र केलं आणि गोऱ्यांना मोकळीक ठेवली. त्याचा सल इतका खोल होता की १९३१च्या कराची ठरावात काँग्रेसनं, नियमांच्या अधीन राहून, शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकांच्या हक्कांत घातला. १९४८च्या डिसेंबरात मध्यप्रांत-वऱ्हाडातून गेलेले हरि विष्णू कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. असा हक्क दिला तर तो गुन्हेगारांसह सगळ्यांनाच मिळेल, हा त्यांचा एक मुद्दा होता. दुसरा मला जास्त विचार करायला लावतो: आग्रह धरायचाच तर व्यक्तीच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा नको, राज्याच्या रक्षणासाठी शस्त्र उचलण्याच्या तिच्या कर्तव्याचा धरावा.

ज्यांच्या समाजाला शतकानुशतकं शस्त्र नाकारलं गेलं, त्या नेत्यानं हे म्हटलं. शस्त्राचा खासगी हक्क सगळ्यांना दिला तर तो आधीच बळकट असलेल्यांनाच कामी येईल, हे त्यांना दिसत नसेल असं मानणं अवघड आहे. दुबळ्याला वाचवायचं तर सबळाच्या कमरेचं हत्यार कमी करावं लागतं. १९९५च्या नियमांतला आधी रद्द करा, मग द्या हा क्रम याच विचाराशी जुळतो.

*

पिस्तूल काय करू शकत नाही हेही सांगितलं पाहिजे. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांना धमक्या होत्या, पोलीस संरक्षण त्यांनी नाकारलं होतं. 'चांगलं कारण' कुणापाशी असेल तर त्यांच्यापाशी होतं. पण कमरेला पिस्तूल असतं तरी अचानक जवळ येऊन झाडलेल्या गोळीपुढं ते कमरेलाच राहिलं असतं. बाळगलेलं हत्यार फक्त अशा हल्ल्यात कामी येतं, ज्यात हल्लेखोर आपल्याला सावध व्हायला सवड देतो. ठरवून मारायला आलेला ती देत नाही. देतो तो भांडणारा शेजारी.

आणि २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हातात लाठी होती. त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली आणि गोळ्या स्वतःवर घेतल्या. म्हणून सहकाऱ्यांना त्याला जिवंत पकडता आलं. पोलिसांना लाठी देऊन रायफलींपुढं पाठवणं हा धडधडीत अन्याय होता, त्याचं समर्थन मी करत नाही. एवढंच म्हणतो की त्या रात्री मुंबईनं ज्यावर भरवसा ठेवला ते हत्यार नव्हतं, माणूस होता.

*

मग व्यापाऱ्यांना मी काय सांगितलं? आधी रोकड कमी बाळगा, हंगामात पैसे खात्यात घ्या, अंधारात निघू नका, बरोबर एक माणूस ठेवा. कुणी नाव घेऊन धमकी दिली असेल तर प्रथम तक्रार, आणि तरीही धोका राहत असेल तर अर्ज मी लिहून देतो. रिव्हॉल्व्हर घ्या, घरी ते कुलपात आणि काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवा, दारू प्यायच्या दिवशी हात लावू नका. नुसती भीती असेल तर अर्ज लिहून देणार नाही, दुसरा वकील पाहा. ते नाराज झाले. मिरचीचा माणूस असल्यानं तिखट बोललेही.

एक सूचना मात्र माझ्याकडे वारंवार आलेल्यांनाही मी करतो. २०१९च्या दुरुस्तीनं परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. नूतनीकरणाला लोक फी भरायला जातात, तसं जाऊ नये. ज्या कारणासाठी हत्यार घेतलं ते अजून शिल्लक आहे का, हे त्या दिवशी बायकोला, मोठ्या मुलाला आणि जमलं तर एका शेजाऱ्याला मोठ्यानं सांगून पाहावं. धमकी देणारा मेला असेल, तुरुंगात असेल, किंवा त्याच्याशी समेट झाला असेल, तर हत्यार परत करावं. निवडणूक आली की परवानाधारकांना शस्त्र ठाण्यात जमा करायला सांगतात. त्या काळात ते बहुतेक लोक काही न घडता जगतात. ते दिवस मोजले तरी पुष्कळांना आपल्या कारणाचं वजन कळेल.

परंपरा सांगते की मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' आमच्या तालुक्यातल्या आंभोऱ्याला लिहिला. अंबाजोगाईचाही तोच दावा आहे, आणि तो वाद मी मिटवणार नाही. पण विवेक या शब्दाचा साधा अर्थ वेगळं करणं, निवडणं असा आहे: धान्यातून खडे निवडतो तसं खऱ्या धोक्यातून भीती निवडून बाजूला ठेवणं. जिल्हाधिकारी कार्यालयातला अधिकारी पोलिसांच्या अहवालावरून हे काम थोडंफार करू शकतो. धमकी आली की नुसती चाहूल लागली, जीव जाणार होता की मान जाणार होती, रस्त्यावरच्या लुटारूची भीती आहे की धुऱ्यापलीकडच्या भावाचा राग आहे, हे त्याला कागदावरून कळणार नाही. अर्जावर सही करणाऱ्यालाच ते माहीत असतं.